एकट्या शब्दांचा उन्हाळा

चैत्र लागला की आमच्या कोरेगावच्या बाजूला गावोगावच्या जत्रा सुरू होतात. दुपार कलली की कुठल्या ना कुठल्या माळावर कुस्त्यांचं मैदान भरतं आणि कर्ण्याचा आवाज वाऱ्यावर बसून रानं ओलांडत येतो. अंतर फार असलं की शब्द वाटेतच गळून पडतात आणि पोचते ती नुसती चाल. निवेदकाचा आवाज चढतो, थबकतो, खाली येतो, मध्येच हलगी कडाडते, माणसं ओरडतात. पण कुणाचं नाव घेतलं, कोण पडलं, काही उमगत नाही. परवा गच्चीवर कुरडया घालत होते तेव्हा असाच आवाज आला. सोऱ्या हातात तसाच राहिला आणि मी ऐकत उभी राहिले. कळत काहीच नव्हतं. तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात माझ्या यजमानांना सगळं जग असंच ऐकू येत होतं, अगदी शेजारी बसून बोललं तरी.

त्यांचं नाव दिनकर. गावात, भावकीत, घरात सगळे त्यांना आण्णा म्हणत. तरुणपणी ते पैलवान होते. गुडघा निखळला आणि लंगोट सुटला, पण माती सुटली नाही. वर्षभर उसाचं रान बघायचे आणि चैत्रापासून पाऊस लागेपर्यंत हातात माईक घेऊन मैदानात उभे राहायचे. डोक्याला फेटा, कपाळावर गुलाल आणि पाय अनवाणी. मातीत चप्पल घालून उभं राहायचं नाही, हा त्यांचा नेम होता. भर उन्हात माती तव्यासारखी तापायची, तरी नाही.

मी सांगलीची, शहरात वाढलेली, प्राथमिक शाळेतली मास्तरीण. लग्न होऊन आले तेव्हा सकाळी न्हाणीघरातून पैलवानांची नावं ऐकू यायची. आंघोळ करता करता ते नावं घोळवत असत. नाव, बापाचं नाव, गाव, वस्ताद, तालीम, अशी लांबच लांब आगगाडी. मला हसू यायचं. एकदा विचारलं, "एवढं लांबण कशाला लावता?"

"आगं, कर्ण्यात आखूड शब्द उडून जातो," ते म्हणाले. "नुसतं राम म्हटलं तर निम्मं मैदान श्याम ऐकतंय. मागंपुढं गाव जोडलं, वस्ताद जोडला, की पोरगं पार झाडावर बसलेल्या माणसाला बी कळतंय."

ही बोलणी त्या वेळी मी कानाआड केली. शाळेत मी पहिलीच्या मुलांना सारख्या आवाजाचे शब्द म्हणायला लावायची. बाळ, माळ, टाळ, जाळ, गाळ. सगळा वर्ग डोलत म्हणायचा. उन्हं कौलांतून फरशीवर पडलेली असायची, खडूचा वास, आणि तो झोका घेणारा आवाज. मला ते शब्द फार आवडायचे. आता कुठे कानावर पडले की मी उठून आत जाते.

त्या दिवशी मैदानात काय झालं ते मला शिवाप्पाने सांगितलं. शिवाप्पा जतकडचा धनगर, यांचा तालमीतला जोडीदार. मेंढरं पोरांच्या हवाली करून जत्रांच्या दिवसांत तो हलगी घेऊन यांच्या मागे फिरायचा. मराठी बोलता बोलता कन्नडात शिरायचा आणि परत यायचा. तो म्हणाला, मोठी कुस्ती लागली होती, आण्णाचा आवाज नुसता तापला होता. कमिटीतला एकजण कानाशी येऊन काहीतरी सांगायला लागला. आण्णाने त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "काय?" त्याने पुन्हा सांगितलं. परत, "काय म्हंतायसा?" मग माईक खाली आला. आण्णा तापल्या मातीत मटकन बसले. चार माणसं धावली, सगळी एकदम बोलायला लागली. आण्णा त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले आणि शिवाप्पाला म्हणाले, "शिवा, ही समदी कानडीत का बोलत्यात? त्यास्नी सांग, मराठीत बोला म्हनावं."

"वैनी," शिवाप्पा मला म्हणाला, "कुणीच कानडीत बोलत नव्हतं वो."

मिरजेच्या दवाखान्यात कळलं, मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती. हात चालत होते, पाय चालत होते. जीभसुद्धा चालत होती. ते बोलायचे, अगदी नेहमीसारखे, क्वचित एखादा शब्द घसरायचा. कानांनाही काही झालं नव्हतं. भांडं पडलं की दचकायचे, बाहेर गाडीचा भोंगा वाजला की मान वळवायचे. माझा आवाज माझाच आहे, मी चिडलेय की रडवेली आहे, हेसुद्धा ओळखायचे. फक्त बोललेलं कळत नव्हतं. मी पाटी आणली, मोठ्या अक्षरांत लिहून दाखवलं. त्यांनी डोळे बारीक केले. "अक्षरं दिसत्यात," म्हणाले, "लागंनात."

तिथे वाचा-उपचार करणारी एक तरुण मुलगी होती. मला काकू म्हणायची. तिने यांच्यासमोर चित्रं मांडली आणि सावकाश म्हणाली, "डाळ." यांनी तान्ह्या बाळाच्या चित्रावर बोट ठेवलं. "माळ." यांनी टाळांवर ठेवलं. तिने पुन्हा सांगितलं तसं वैतागून सगळी चित्रं सरकवून दिली. मग तिने पिशवीतून एक जुना फोटो काढला. तो कुणाकडून मिळवला होता कोण जाणे, दोन पैलवानांची झोंबी होती त्यात. चित्रांच्या घोळक्यात तो ठेवून तिने कुस्तीतल्या डावाचं नाव घेतलं, "धोबीपछाड." यांचं बोट क्षणात फोटोवर गेलं. आणि वर म्हणाले, "पर ही धोबीपछाड न्हवं, ही ढाक हाय."

आम्ही दोघीही हसलो. त्या महिन्यात मी हसल्याची तेवढीच आठवण आहे.

तिने मला बाहेर बाकावर बसवून समजावलं. "काकू, एखादा शब्द कानावर पडला की डोक्यात तो एकटा उठत नाही. त्याच्यासारखे ऐकू येणारे सगळे उठतात. डाळ म्हटलं की बाळ उठतं, माळ उठते, टाळ उठतो. आपल्या डोक्यात बरोबरचा पुढे येतो आणि बाकीचे खाली बसतात. हे इतकं झटकन होतं की आपल्याला पत्ताही नसतो. काकांच्या डोक्यात ते खाली बसतच नाहीत."

"म्हणजे भावकी जमली आणि कुणी कुणाचं ऐकेना," मी म्हटलं.

"तसंच समजा. ज्या शब्दाची भावकी मोठी, तो त्यांना अवघड. ज्याला कुणी नाही, तो पोचण्याची शक्यता जास्त. लांब शब्द वापरा, ओळखीच्या चालीत बोला. पुढे काय येणार याचा अंदाज असला की मेंदूला कमी शोधावं लागतं."

किती सुधारेल, या प्रश्नावर तिने माझा हात हातात घेतला.

घरी आल्यावर मी नव्याने बोलायला शिकले. 'पाणी' म्हटलं की ते 'कुठली गाणी?' विचारायचे. मग मी तांब्याभांडं म्हणायला लागले, आणि ते हात पुढे करायचे. जेवण म्हणून चालायचं नाही, भाकरतुकडा म्हणावं लागायचं. अंथरूणपांघरूण, दिवाबत्ती, औषधपाणी, पाऊसपाणी. आपल्या भाषेत दोन शब्दांची अशी मोळी बांधायची खोड आहे. वर्गात मी ते जोडशब्द म्हणून शिकवले होते आणि परीक्षेत लिहायला लावले होते. त्या उन्हाळ्यात वाटलं, हे कुणीतरी लांब रानातून हाक मारणाऱ्यांनीच बांधून ठेवले असावेत. एकटा शब्द वाऱ्यात हरवेल म्हणून त्याच्या हाताला दुसरा दिला. घर असं दिवसभर जड, लांब शब्दांत बोलायचं आणि तिन्हीसांजेपर्यंत माझा जबडा दुखायचा. साधं "बसा", साधं "या", साधं "हो" हे मला त्यांच्याशी बोलता येईना. नवराबायकोत बहुतेक बोलणं तेवढंच असतं.

आमचा मुलगा अजय फौजेत आहे, तेव्हा उत्तरेकडे होता. त्याला सगळं कळवलं होतं, तरी एका संध्याकाळी त्याने वडिलांना फोन द्यायला सांगितलं. समोर माणूस असला तर ओठ दिसतात, हातवारे दिसतात. फोनवर नुसता आवाज. यांनी तो कानाला लावला. पलीकडून अजय म्हणाला असेल, आण्णा, मी अजय. यांचा चेहरा पांढरा पडला.

"विजय?" ते म्हणाले. "विजू, तू कुठनं बोलतूयास रं?"

विजय यांचा धाकटा भाऊ. आमच्या लग्नाच्या आधीच कृष्णेत बुडून गेलेला. यांनी फोन माझ्याकडे दिला. "आगं, विजू हाय. आईला बलीव." आईही जाऊन जमाना झाला होता. मी फोन कानाला लावला. पलीकडून अजयने सगळं ऐकलं होतं. थोड्या वेळाने म्हणाला, "आई, एका अक्षराचा तर फरक हाय गं." पुढच्याच आठवड्यात तो सुट्टी टाकून आला. त्याला समोर बघितल्यावर यांनी लगेच ओळखलं, पाठीवर थाप मारली. ओळखायला शब्द लागले नाहीत.

आणि मग तो पाय.

मैदानात बसले त्या दिवशी तापल्या मातीने उजव्या तळव्याला फोड आला होता. साखरेचा आजार जुना, तळव्याला संवेदना कमी. दवाखान्याच्या गडबडीत कुणाच्या लक्षात आलं नाही. वैशाखात तो फोड चिघळला, बोटं काळी पडायला लागली. कडुलिंबाचा पाला, उदबत्ती, काही केलं तरी खोलीतला वास जाईना. अंगणात आंब्यांची अढी घातली होती. त्या पिकत्या आंब्याचा वास आणि हा वास एकमेकांत मिसळला. तेव्हापासून मला आंबा जात नाही.

पुन्हा मिरज. डॉक्टरांनी पाय बघितला आणि अजयला आणि मला बाहेर बोलावलं. विष वर चढत होतं. गुडघ्याच्या वरून पाय काढावा लागणार होता, नाहीतर माणूस वाचणार नव्हता. आणि काढूनही हृदय अशक्त असल्याने वाचेलच असं सांगता येत नव्हतं.

"त्यांना समजणार नाही. तुम्ही सही करा," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या आवाजात तुटकपणा नव्हता. दमलेला माणूस होता तो.

"त्यांना सांगितल्याशिवाय नाही," मी म्हटलं.

अजयने मला बाजूला नेलं. "आई, कशाला? कळत न्हाई ते बरंच हाय की. झोपेत होऊन जाईल. उठल्यावर बघू."

"उठल्यावर पांघरूण बाजूला करतील आणि पाय नसेल. कुणी नेला, का नेला, काही माहीत नसेल. आणि विचारलं तर आपण सांगितलेलं कळणार नाही. तुझ्यावर अशी वेळ आली तर?"

त्याने दारातून आत खाटेकडे बघितलं. मग म्हणाला, "सांग. जमलं तर सांग."

जमत नव्हतं. 'पाय' हा शब्द मी आयुष्यात किती सहज वापरला होता. त्या दिवशी कळलं की त्याच्याएवढी भावकी क्वचित कुणाची असेल. पाय म्हटलं की ते म्हणायचे, "गाय? इली का? वासरू झालं?" परत सांगितलं तर, "माय कवाच गेली." सोबतीला आलेल्या शिवाप्पाला आठवलं की यांना थोडं कन्नड येतं. तो पायाला हात लावून म्हणाला, "कालु, आण्णा, कालु." हे म्हणाले, "काल न्हाई रं, आजच आलोय." अजयने पायावरून हाताची धार फिरवून दाखवली. पण जखम साफ करताना तिथले लोक रोजच मेलेलं कातडं कापत होते. यांना वाटलं आज पट्टी वरपर्यंत बांधणार. त्यांनी मान डोलावली. मग अजयने मोबाईलवर एक पाय नसलेल्या माणसाचं चित्र दाखवलं. यांनी ते बराच वेळ बघितलं. "बिचारा," म्हणाले आणि मोबाईल परत दिला.

मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. खाली रस्त्यावर रसवंतीच्या चरकाला बांधलेले घुंगरू वाजत होते. ओळखीच्या चालीत बोला, असं ती मुलगी म्हणाली होती. यांची ओळखीची चाल एकच होती, कुस्तीच्या मैदानातली. आणि त्या चालीत पायाला पाय म्हणत नाहीत, तंगडी म्हणतात. बायकोने नवऱ्याच्या पायाला तंगडी म्हणायचं नसतं. माझ्या तोंडून तो शब्द त्यांच्यासमोर कधी निघाला नव्हता.

मी शिवाप्पाला म्हटलं, "भावजी, हलगी नाही. पण या लोखंडी खाटेवर वाजवता का?"

त्याने माझ्याकडे बघितलं, मग खाटेच्या दांडीवर बोटांनी ठेका धरला. हळू, पण मैदानातलाच. यांचे डोळे उघडले. मी पदर खोचला, कॉटच्या पायथ्याशी उभी राहिले आणि यांच्यासारखा आवाज लावला. शंभर खेपा ऐकलेलं असतं माणसाने, पण स्वतःच्या तोंडून कधी काढलेलं नसतं.

"बघा मंडळी, बघा. कोरेगाव तालुक्याचा ढाण्या वाघ, दिनकर पैलवान मैदानात हाय. समोरच्यानं एकेरी पट काढलाय, उजव्या तंगडीला मगरमिठी घातलीया. पट सुटंना. मगरमिठी वरवर सरकायला लागलीया. तंगडी वाचवायला जावं तर पैलवान चितपट व्हतोय. पैलवान वाचवायचा तर उजवी तंगडी मैदानात सोडावी लागतीया मंडळी, गुडघ्याच्या वरनं सोडावी लागतीया."

सगळा वॉर्ड बघत होता. सलाईन लावलेला एक म्हातारा उठून बसला होता. शिवाप्पाची बोटं थांबली.

हे माझ्याकडे टक लावून बघत होते. मग त्यांनी खाली बघितलं. पांघरूण सारलं, पाय बघितला, मांडीवर आडवा हात ठेवला. नेमका तिथे, जिथे डॉक्टरांनी खूण सांगितली होती.

"वस्तादांनी सांगितलं व्हय?"

मी दाराशी उभ्या असलेल्या डॉक्टरांकडे हात केला. मान हलवली.

अजय तोंड फिरवून उभा होता. मग हे म्हणाले, "खुर्चीवर बसून बी बोलता येतंय माईकवर." आणि थोड्या वेळाने, "कवा?"

त्या 'कवा'चं उत्तर मला लांब शब्दात देता आलं नाही. बोटाने दाखवलं, सूर्य मावळेल, उगवेल, तेव्हा. त्यांना कळलं. दुपारभर ते त्या पायाशी बोलल्यासारखे बसून होते. मग म्हणाले, "वरल्या अंगाला जरा त्याल लाव." मी मांडीला, गुडघ्याला तेल चोळलं. हाच गुडघा कधीकाळी निखळला होता. तिथे हाडाचा उंचवटा होता आणि मला तो ठाऊक होता. मी चोळत असताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो त्यांनी आधी कधी सगळ्यांसमोर ठेवला नव्हता.

शस्त्रक्रियेत पाय गेला, आणि त्याच संध्याकाळी, शुद्धीवर न येता, ते गेले.

अजय अजून कधी कधी म्हणतो, "आई, तू सांगितलं नसतंस तर शेवटचा दिवस तरी सुखाचा गेला असता त्यांचा." तो रागाने म्हणत नाही. मी त्याच्याशी वाद घालत नाही. त्याचंही खरं असेल. पण मी वर्षानुवर्षं मुलांना भाषा शिकवली आणि आयुष्यात एकदाच मला एखाद्या माणसापर्यंत काही पोचवायचं होतं, असं वाटत राहतं. ते पोचलं, आणि ते तेवढं वाईट होतं. चांगलं काही पोचवायला त्या उन्हाळ्यात वेळच उरला नाही. आता यूट्यूबवर जत्रेची मैदानं घरबसल्या दिसतात, निवेदकाचा प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकू येतो. अजय लावून देतो. मी आवाज बंद करून बघते.

त्या सकाळी ढकलगाडी शस्त्रक्रियेच्या खोलीच्या दाराशी थांबली होती. अंगावर हिरवा कपडा, डोक्यावर फेटा नाही म्हणून ते लहान दिसत होते. काय बोलायचं ते मी ठरवून ठेवलं होतं, लांब शब्दांत, ठेक्यात. ऐनवेळी वाकले आणि तोंडातून सवयीचंच आलं. "भिऊ नका."

त्यांनी जरा रागानेच बघितलं. "कुठं पितोय गं," म्हणाले. "कालपास्नं थेंब न्हाई तोंडात. तुज्याम्होरंच तर हाय."

पुन्हा सांगावं असं मनात आलं. पण नर्सने गाडीला हात लावला होता.

"बरं," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा एकदम निवळला. "व्हय," ते म्हणाले, "घरलाच जायाचं की आता." आणि दार लागलं.